सुक्या मिरचीतून मिळणाऱ्या स्निग्धांशाचा आलेख कसा वाचावा?

हुक्केरीची_शिक्षिका:
नमस्कार. मी बेळगावच्या एका महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अन्न ताळेबंदात प्रत्येक खाद्यघटकापासून दरडोई दररोज किती ग्रॅम स्निग्धांश उपलब्ध होतो, याचा एक रकाना असतो. संकेश्वरी मिरचीचे गाव आमच्याच तालुक्यात असल्याने विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी भारताची सुकी मिरची निवडली. आलेख एकूण चढता आहे, मात्र मध्येच तो उड्या मारतो. भारतीयांच्या आहारात मिरचीतून जाणारे स्निग्ध पदार्थ वाढले, असा निष्कर्ष यावरून काढणे योग्य ठरेल का?

आकडेवारीवाला_चिक्कोडी:
ताई, तसा निष्कर्ष काढता येणार नाही. या रकान्यातला स्निग्धांश कोणी दरवर्षी प्रयोगशाळेत मोजत नाही. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, त्यात साठ्यातील फरक जमेस धरून, बियाणे, नासाडी, प्रक्रिया आणि इतर वापर वगळल्यावर जे उरते ते अन्न म्हणून उपलब्ध मानले जाते. त्याला लोकसंख्येने आणि वर्षाच्या दिवसांनी भागून आलेल्या वजनाला एका ठराविक गुणकाने गुणले की स्निग्धांश मिळतो. म्हणजे तुमचा आलेख मिरचीच्या वजनाचाच आहे, फक्त त्याची मोजपट्टी बदललेली आहे.

समजा, वर्षाला दरडोई एक किलो सुकी मिरची उपलब्ध आहे. दिवसाला सुमारे 2.74 ग्रॅम झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात सुक्या मिरचीत 100 ग्रॅममागे 6.2 ग्रॅम स्निग्धांश दिलेला आहे. त्या हिशेबाने दिवसाला 0.17 ग्रॅम येतात. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात तिखट लाल मिरचीच्या पुडीला सुमारे 17 ग्रॅम दिलेले आहेत. तो गुणक घेतला तर तीच मिरची 0.47 ग्रॅम देते. खाणारा तोच, मिरची तीच, आणि उत्तर जवळजवळ तिप्पट! एकाच दशांशापर्यंत आकडे छापले असतील तर आणखी गंमत होते: 0.14 चा 0.1 होतो, 0.16 चा 0.2 होतो आणि वाचणाऱ्याला वाटते की पुरवठा दुप्पट झाला.

एक उडी मात्र कागदावरचीच असण्याची शक्यता तपासा. संघटनेची जुन्या पद्धतीची मालिका 2013 पर्यंत आहे आणि नव्या पद्धतीची 2010 पासून सुरू होते. दोन्हींत पद्धत आणि लोकसंख्येचे आकडे वेगळे असल्याने त्या एकमेकींना जोडून रेघ ओढू नये.

मिरचीवाला_संकेश्वर:
नमस्कार मॅडम. गुणकाबद्दल एक शेतकरी म्हणून सांगतो. मिरचीतले तेल मुख्यतः बियांत असते. वाळलेली मिरची कानाजवळ धरून हलवली की बिया खुळखुळतात. बी किती भरले आहे याचा अंदाज आम्ही त्यावरूनच घेतो. ब्याडगीच्या कड्डी प्रकारात बिया कमी, डब्बी प्रकारात जास्त. पुडी करताना काहीजण बिया काढून टाकतात, काही सकट कुटतात. साऱ्या देशाच्या मिरचीला एकच गुणक लावणे हिशेबासाठी सोयीचे असेल, पण डब्बी आणि कड्डी त्याला वेगळी कशी दिसणार?

उड्यांचे दुसरे कारण साठा. भाव पडले की ब्याडगी बाजाराच्या आसपासच्या शीतगृहांत पोती महिनोन्महिने पडून राहतात आणि पुढच्या हंगामात बाहेर येतात. साठ्यातील हा फरक ताळेबंदात नीट आला नाही, तर भरघोस पिकाच्या वर्षी लोकांनी जास्त मिरची खाल्ली असे दिसणार आणि पुढच्या वर्षी कमी. शिवाय ब्याडगीचा रंग गडद आणि तिखटपणा कमी असल्याने तिचा मोठा भाग ओलिओरेझिन, म्हणजे मिरचीचा रंग-तिखटपणाचा दाट अर्क, काढणाऱ्या कारखान्यांकडे जातो. तो माल प्रक्रियेच्या रकान्यात पडला नाही, तर तो ताटातच गेला असे मानले जाईल.

खानापूरची_सुगरण:
आकडेशास्त्र मला कळत नाही, पण स्वयंपाकघरातला हिशेब कळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात तेव्हा मिरचीबरोबर सुके खोबरे, तीळ, धने आणि जिरे तेलात परतून कांडपावर कुटतात. त्या डब्यातला बराचसा स्निग्धांश खोबरे, तीळ आणि तेलाचा असतो. ताळेबंदात हे सारे कोठे धरतात?

आकडेवारीवाला_चिक्कोडी:
ताई, खोबरे नारळाच्या, तीळ तेलबियांच्या आणि तेल खाद्यतेलांच्या रकान्यात जाते; धने-जिरे इतर मसाल्यांत. चटणीचा डबा असा चार-पाच ओळींत विखुरलेला असतो. त्यामुळे मिरचीच्या ओळीवरून घरातल्या तिखटाचा स्निग्धांश मोजू नये. शिवाय हे आकडे पुरवठ्याचे आहेत, सेवनाचे नव्हेत. घरात पोहोचल्यावर वाया गेलेले त्यांतून वजा होत नाही.

हुक्केरीची_शिक्षिका:
आपल्या सर्वांचे आभार. स्निग्धांशाचा रकाना बाजूला ठेवून उत्पादन, निर्यात आणि साठ्यातील फरक या तीन रकान्यांवर प्रकल्प उभा करते, आणि 2010 नंतरचीच मालिका घेते. संकेश्वरचे काका, विद्यार्थिनींना बियांचे प्रमाण तोलून बघायचे आहे. डब्बी आणि कड्डी यांचे थोडे नमुने पुढच्या तोडणीला मिळतील का?

मिरचीवाला_संकेश्वर:
नक्की मिळतील. फक्त मिरच्या पूर्ण वाळल्यावर न्या आणि देठ काढूनच तोला, नाहीतर ओलाव्याचे वजन बियांच्या खात्यात जाईल.