गझालीने इस्लामी जगातलं विज्ञान बुडवलं, हे कितपत खरं?

पिंपळपार (धागाकर्ता)

इस्लामी सुवर्णकाळाचा विषय निघाला की अल-गझालीचं नाव येतंच. मांडणी ठरलेली असते. गणिती अल-ख्वारिझ्मी, खगोलज्ञ अल-बिरुनी, वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीना होऊन गेले. मग हा धर्मशास्त्री उपटला, त्याने 'तहाफुत अल-फलासिफा' हा तत्त्वज्ञांच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला आणि तिथून पुढे सगळा अंधार. मला ही मांडणी साफ चुकीची वाटते. ती इतक्या ठिकाणी वाचली आहे की आता गप्प बसवत नाही.

गझाली १०५८ साली खुरासानातल्या (आजच्या इराणमधल्या) तूसचा. तेव्हा राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने १०९१ साली त्याला बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमलं. 'तहाफुत' १०९५ चा. त्यात वीस प्रश्नांवर तो इब्न सीना आणि त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ अल-फाराबी यांच्याशी भांडतो. पण कशावरून भांडतो ते बघा. विश्व अनादि आहे का, ईश्वराला एकेक गोष्टीचं ज्ञान असतं का, मेल्यानंतर देह पुन्हा उठणार का. गणिताला त्यात हात लावलेला नाही. उलट प्रस्तावनेतच ग्रहणाचं उदाहरण आहे. चंद्र आणि सूर्य यांच्यामध्ये पृथ्वी आली की चंद्रग्रहण होतं हे भूमितीने सिद्ध झालेलं आहे, आणि जो धर्माच्या नावाने हे खोडायला जातो तो धर्माचंच नुकसान करतो, असं तो स्पष्ट म्हणतो. कारण ज्याला गणित येतं त्याला ग्रहणाबद्दल शंका येणार नाही, धर्माबद्दल येईल.

आता काळाचा हिशोब लावा. गझाली ११११ साली वारला. अल-जझारीचा यंत्रांवरचा ग्रंथ १२०६ चा. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांतून डावीकडे जातं हे लिहिणारा इब्न अल-नफीस तेराव्या शतकातला. इराणमधल्या मरागाची वेधशाळा १२५९ ची. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणारा इब्न अल-शातिर चौदाव्या शतकातला, आणि त्याची चंद्राची गणिती मांडणी पुढे कोपर्निकसकडे जवळजवळ तशीच सापडते. उलुग बेगची समरकंदची वेधशाळा पंधराव्या शतकातली. तिथेच अल-काशीने पायची (π) किंमत सोळा दशांश स्थळांपर्यंत काढली. विज्ञान बुडालं म्हणायचं तर हे सगळं कुठे बसवायचं?

कातळशिल्प

असहमत. वेधशाळांची यादी दरवेळी दिली जाते आणि दरवेळी मूळ मुद्दा बाजूला राहतो. 'तहाफुत'च्या शेवटी गझाली नुसता वाद जिंकून थांबत नाही. वीसपैकी तीन प्रश्नांवर (तुम्ही दिलेत तेच तीन) तो तत्त्वज्ञांना काफिर ठरवतो. ही मतं धरणाऱ्याला मृत्युदंड, असा त्याचा कौल आहे. एखाद्या ग्रंथातला युक्तिवाद चूक आहे म्हणणं वेगळं, तो लिहिणारा मारण्याजोगा आहे म्हणणं वेगळं. आणि हे म्हणणारा कोणी गल्लीतला मौलवी नव्हता, साम्राज्याच्या सर्वात प्रतिष्ठित मदरशाचा प्रमुख होता. त्याच्या शब्दाला राज्याचं वजन होतं.

गणिताबद्दलचं त्याचं मतही अर्धंच सांगितलंत. 'अल-मुनकिझ' या आत्मकथनात तो लिहितो की गणितातली अचूकता पाहून विद्यार्थी भारावतो, तत्त्वज्ञांचं बाकी सगळंही असंच पक्कं असेल असं मानतो आणि धर्मापासून दुरावतो. म्हणून गणितात फार खोल शिरणाऱ्याला आवरावं. असं वाचून कोणता बाप पोराला भूमिती शिकायला पाठवेल?

पिंपळपार

त्या कौलाचं समर्थन मी करत नाही आणि करणारही नाही. माणसाला मतासाठी मारावं म्हणणं तेव्हाही वाईट होतं. पण माझा प्रश्न परिणामाचा आहे. इब्न सीनाचं वाचन गझालीनंतर थांबलं नाही, वाढलं. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्याच्या संज्ञा इतक्या मुरल्या की वेगळ्या काढता येत नाहीत, आणि याला मोठा हातभार गझालीचाच आहे. 'अल-मुस्तस्फा' या कायद्याच्या उगमांवरच्या ग्रंथाची सुरुवात तो तर्कशास्त्राने करतो आणि म्हणतो, ज्याला हे येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा नको. पुढे कर्मठ धर्मशास्त्री इब्न तैमियाने याच गोष्टीसाठी त्याला धारेवर धरलं.

'मुनकिझ'चं पुढचं पानही वाचा. लगेच दुसरा धोका सांगितला आहे: इस्लामचा अडाणी मित्र, जो तत्त्वज्ञांकडून आलेलं सगळंच नाकारतो, ग्रहणसुद्धा.

कातळशिल्प

धर्मशास्त्री इब्न अल-सलाह विसरलात. तेराव्या शतकात दमास्कसला बसून त्याने तर्कशास्त्र शिकणं-शिकवणंच निषिद्ध ठरवलं. एकदा काफिर ठरवण्याची वाट मळली की पुढचे लोक गझालीइतका विवेक करत बसत नाहीत.

उंबरठा

मला खरा घाव 'तहाफुत'च्या सतराव्या प्रकरणात दिसतो, कौलात नाही. कापूस आगीजवळ नेला की जळतो. गझाली म्हणतो, आपल्याला फक्त एवढंच दिसतं की आग लागते तेव्हा कापूस जळतो. आगीमुळे जळतो हे दिसत नाही. दोन्ही एकामागोमाग घडवणारा ईश्वर आहे. बाराव्या शतकातला स्पेनचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द याने यावर जे उत्तर दिलं तेच माझं: कारणं नाकारलीत तर बुद्धीच नाकारलीत, कारण वस्तूंची कारणं जाणणं याखेरीज बुद्धीचं दुसरं काम नाही.

पिंपळपार

उंबरठा, हा आक्षेप गझालीला ठाऊक होता आणि त्याने तो स्वतःच जोरात मांडला आहे. कार्यकारण सक्तीचं नसेल तर घरी ठेवलेलं पुस्तक परत येईपर्यंत घोडा झालं असेल, असंही मानावं लागेल! त्याचं उत्तर असं की अशा गोष्टी शक्य असल्या तरी घडत नाहीत, हे ज्ञान ईश्वरानेच आपल्यात निर्माण केलेलं असतं. निसर्गाची सवय ठरलेली आहे. शिवाय तो दुसरा पर्यायही देतो. आगीला जाळण्याचा गुण आहे असं मानू, पण अंगाला शंखजिरं फासलेला माणूस भट्टीत बसून सुखरूप राहतो. ज्याने हे पाहिलं नाही तो अशक्य म्हणेल. म्हणजे आपल्याला माहीत नसलेली कारणंही असू शकतात. निरीक्षण करून नियम शोधणाऱ्या माणसाची यात काय अडचण होते? इब्न अल-शातिरला झाली नाही.

उंबरठा

अडचण होते. 'का' विचारायचं थांबतं, 'किती' आणि 'केव्हा' उरतं. तुमच्या यादीतली बरीचशी नावं खगोलगणिताची आहेत, ती योगायोगाने नव्हे.

खाडीकाठ

मी रत्नागिरीकडची. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आणि गझाली शाफई फिक्हचाही (धर्मकायद्याचाही) मोठा आचार्य. त्यामुळे आमच्यासाठी तो विज्ञानाचा मारेकरी किंवा तारणहार असण्याच्या कितीतरी आधी घरातला माणूस आहे. या धाग्यावर त्याच्या 'इह्या उलूम अल-दीन' (धर्मविद्यांचं पुनरुज्जीवन) या ग्रंथाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं मला वाईट वाटतं. सगळा जन्म 'तहाफुत'वर नाही गेला त्याचा. १०९५ सालीच शिकवताना त्याची वाचा बसली, अन्न उतरेना. पद, मान सोडून तो दमास्कस, जेरुसलेम, मक्केला गेला आणि त्या काळात 'इह्या' लिहिलं गेलं. राग, लोभ, दिखाऊ भक्ती, जेवणाची रीत, कमाईची शुद्धता असं सगळं त्यात आहे. तरी तुमच्या वादाशी संबंधित एक जागा सांगते. तो म्हणतो, वैद्यक आणि हिशोब शिकणं हे समाजावरचं सामूहिक कर्तव्य आहे. मग कळवळून विचारतो की कितीतरी गावांत मुसलमान वैद्य एकही नाही आणि सगळे मात्र फिक्हकडे धावतात, ते कशासाठी? काझीपद, वक्फचा कारभार, अनाथांच्या मालमत्तेची देखरेख मिळते म्हणून. विज्ञानाला ओहोटी का लागते याचं निदान शोधताय ना? इथे त्यानेच लिहून ठेवलं आहे: पोट भरण्याची वाट जिकडे, माणूस तिकडे.

आणि हेच 'इह्या' ११०९ साली मुराबित या मुस्लिम घराण्याच्या राज्यात स्पेनमधल्या कोर्दोबाला जाळलं गेलं. पुस्तकं कुणाची जळाली याचा हिशोब करायचा तर दोन्ही बाजूंचा करा.

कातळशिल्प

खाडीकाठ, 'इह्या'चा उतारा महत्त्वाचा आहे, आभार. तरी त्याच कोर्दोबात जन्मलेल्या इब्न रुश्दचं काय झालं ते बघा. सेव्हिल आणि कोर्दोबाचा काझी, खलिफाचा वैद्य, अ‍ॅरिस्टॉटलवर भाष्यांचा डोंगर. ११९५ साली त्याला लुसेनाला हद्दपार केलं, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले. त्याच्या काही भाष्यांचं अरबी मूळ उरलेलंच नाही, हिब्रू नाहीतर लॅटिन भाषांतरांतून ती वाचावी लागतात. पॅरिसमध्ये त्याच्यावरून शंभर वर्षं रणं माजली. त्याच्या स्वतःच्या समाजात मात्र शिष्यपरंपरा नाही. याला गझालीचा वारसा नाही म्हणायचं?

पिंपळपार

नाही. पॅरिसच्या बिशपनेही १२७७ साली २१९ विधानांवर बंदी घातली होती, त्यात इब्न रुश्दच्या अनुयायांचीही होती. बंदी दोन्हीकडे आली. फरक असा की पॅरिसचं विद्यापीठ जागेवर राहिलं. इकडे कोर्दोबा १२३६ साली आणि सेव्हिल १२४८ साली कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याने जिंकलं. पूर्वेकडे १२५८ साली बगदाद मंगोलांनी लुटलं. ज्या शहरांत शिष्य तयार व्हायचे ती शहरंच हातची गेली.

तरी धागा तुटला नाही. तूसचाच नसीरुद्दीन तूसी मरागाला ग्रंथ जमवत होता. त्याने अरबीत नीट लावलेला युक्लिड आणि टॉलेमी अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या दरबारी जगन्नाथ सम्राटांनी संस्कृतात आणला.

उंबरठा

राजकारणाचा मुद्दा मान्य. कारणांचा मुद्दा अजून मान्य नाही, त्यावर वेगळा धागा काढा.

रानमेवा

मी गझाली आणि इब्न रुश्द, दोघांपैकी कुणालाच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

खाडीकाठ

मन लावून वाचायचं असेल तर 'मुनकिझ'. लहान आहे, आणि माणूस कळतो.

कातळशिल्प

वाद वाचायचा असेल तर इब्न रुश्दचं 'तहाफुत अल-तहाफुत', इंग्रजी भाषांतर मिळतं. तो आधी गझालीचा मजकूर उतरवतो आणि मग त्याला उत्तर देतो, त्यामुळे एकाच पुस्तकात दोघांचं म्हणणं हाती येतं. थेट सतरावं प्रकरण काढा.