मदत हवी आहे : पिक अँड रोलमध्ये सेंटरपर्यंत बॉल पोचतच नाही

नमस्कार मंडळी,

बास्केटबॉल खेळलेले किंवा शिकवणारे कुणी इथे असतील तर सल्ला हवा आहे. एका कॉलेजच्या मुलांच्या संघाचा सराव मी संध्याकाळी घेतो. आमचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू) सहा फूट चार इंच. एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) हा गार्ड, म्हणजे बॉल घेऊन चाल रचणारा, म्हणून खपेल, पण आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत उंचच ठरतो. अंगाने दणकट, बॉल हातातून निसटत नाही, स्क्रीन (गार्डच्या डिफेंडरच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहणं) तर झकास लावतो. आणि त्यानंतर त्याला कुणी विचारत नाही.

गार्ड स्क्रीनवरून निघाला की मान खाली घालून थेट रिंगकडे. लेअप बसला तर टाळ्या, नाही बसला तर बॉल बाहेर आणि पुन्हा पहिल्यापासून. सेंटर रोल करतो, म्हणजे स्क्रीन लावून वळून रिंगकडे धावतो (हाच पिक अँड रोल), हात दाखवतो, बॉल काही येत नाही. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पोरगं रोल करणंच सोडून देतं, स्क्रीन लावून तिथंच उभं राहतं. त्याला काय बोलणार?

दोष एकट्या गार्डचा नाही, हे मोबाइलवरचं शूटिंग पाहिल्यावर कळतं. समोरचे संघ त्यांचा सेंटर मागेच ठेवतात, रिंगजवळ. आमचा रोल करत आत गेला की पलीकडच्या कॉर्नरमधला डिफेंडर मध्ये सरकून त्याच्या छातीला छाती लावतो. आमच्या कॉर्नरमधल्या मुलाच्या थ्रीची (तीन गुणांच्या लांबच्या शॉटची) त्यांना भीती नाही, त्यामुळे त्यांचं काहीच बिघडत नाही. टीव्हीवर यावर उपाय म्हणून लॉब, म्हणजे रिंगपाशी उंच फेकलेला पास, दिसतो. एनबीएतले सेंटर, पूर्वी टायसन चँडलर आणि आता रूडी गोबेर, रिंगच्या वर बॉल झेलताना दिसतात. आमचा मुलगा धावत येऊन कसाबसा रिंगला हात लावतो, तेव्हा तो विषय संपला.

म्हणून एनबीएतल्या वॉरियर्स संघाच्या ड्रेमंड ग्रीनचे जुने सामने बघत बसलो. उंची सहा फूट सहा इंच. त्याच्या संघातला गार्ड स्टीफन करी याच्यावर दोघं धावून आले की ग्रीनला फ्रीथ्रो लाइनच्या आसपास बॉल मिळायचा आणि पुढे चार विरुद्ध तीन. पण ते जमायचं कारण करीवर दोघं धावून यायचे. आमच्या गार्डवर कोण दोघं सोडणार?

तर प्रश्न असा : सेंटरला रिंगपर्यंत रोल करू द्यावा की फ्रीथ्रो लाइनपाशी थांबवावा? आणि गार्डला थांबून बघायची सवय लावायला काही ड्रिल आहे का? ओरडून झालं आहे.

फ्रीथ्रो : आधी एक सांगा, तुमचा चार नंबर (पॉवर फॉरवर्ड, सेंटरच्या जोडीचा दुसरा उंच खेळाडू) कुठे उभा असतो?

धागाकर्ता : बॉलच्या बाजूच्या ब्लॉकवर, म्हणजे रिंगजवळच्या खुणेपाशी. त्याला बाहेरून शॉट नाही.

फ्रीथ्रो : मग सेंटरला जायला जागाच कुठे उरते? चार नंबरचा डिफेंडर दोघांना एकटा सांभाळतो. शॉट नसला तरी चार नंबरला पलीकडे बेसलाइनवर, रिंगच्या थोडा मागे उभा करा. त्याचा माणूस रोल अडवायला वर आला की सेंटरने चार नंबरलाच बॉल द्यायचा. तिथून लेअप कुणालाही येतो. सेंटर मागेच थांबणाऱ्या डिफेन्ससमोर रिंगपर्यंत धावून उपयोग नाही, त्यांचा सेंटर तिथे वाटच बघत असतो. फ्रीथ्रो लाइनच्या एक पाऊल आत दोन्ही पायांवर थांबून बॉल घ्यायचा. त्यांच्या सेंटरने वर यायचं की मागे राहायचं हे ठरवेपर्यंत आपल्याला वेळ मिळतो. मात्र तिथून छोटा शॉट यायला हवा, नाहीतर कुणी वर येणारच नाही.

गार्डसाठी : स्क्रीन ओलांडल्यावर दोन ड्रिबल आणि मग आपल्या डिफेंडरला पाठीवर घेऊन वेग कमी करायचा. धावत सुटला की पास द्यायचा कोन जातो. पास बाऊन्सच, दोन डिफेंडरच्या मधून. सरावात तीन विरुद्ध तीन खेळवा आणि नियम ठेवा की सेंटरचा हात लागल्याशिवाय बास्केट धरायचं नाही. ओरडावं लागत नाही.

लेफ्टी : वरचं सगळं बरोबर, पण गार्ड पास देतच नसेल तर बॉल आधी सेंटरकडेच द्या ना! फ्रीथ्रो लाइनच्या कोपऱ्यावर त्याने बॉल धरायचा, गार्डने धावत येऊन हातातून घ्यायचा. स्क्रीन आपोआप लागतो. गार्डचा माणूस आधीच पुढे येऊन अडवत असेल तर बॉल द्यायचा नाही, गार्डने मागून रिंगकडे कट मारायचा. डेन्व्हरने 2023 ला एनबीएचं विजेतेपद मिळवलं त्यात त्यांचा सेंटर योकिच आणि गार्ड मरे यांचं हे चालूच असायचं. योकिच काही उड्या मारणारा नाही. तुमच्या मुलाला पासिंग किती येतं त्यावर आहे, पण बॉल हातात आला की तिसऱ्या क्वार्टरलाही तो पळेल.

जुना पॉइंट गार्ड : आमच्या वेळी समोरचे टू-थ्री झोन (पुढे दोघं, मागे तिघं, माणसाऐवजी जागा राखणारा डिफेन्स) लावून मोकळे व्हायचे, अजूनही लावतात. तेव्हा हे सगळं बाजूला. सेंटरने वरच्या दोघांपैकी एकाला स्क्रीन लावायचा आणि झोनच्या मधोमध येऊन बॉल मागायचा. आणि स्विच केलं, म्हणजे डिफेंडरनी आपापला माणूस बदलला, तर रोल वगैरे काही नाही, बुटक्या गार्डला पाठीवर घ्यायचं आणि तिथंच बसायचं. थ्री सेकंद (रिंगजवळ थांबायची मर्यादा) तेवढे मोजायचे.

धागाकर्ता : मंडळी, मनापासून आभार. चार नंबरची जागा उद्याच बदलतो आणि लेफ्टी म्हणतात ते हातातून बॉल द्यायचंही सुरू करतो. त्यातला एक उपप्रश्न : बॉल देताना सेंटर गार्डच्या माणसाकडे अर्धं पाऊल सरकतो आणि मूव्हिंग स्क्रीनची (स्क्रीन लावताना हलल्याच्या फाउलची) शिट्टी होते. ही सवय कशी मोडायची?

फ्रीथ्रो : गार्डच उशिरा किंवा लांबून येत असणार, म्हणून तो मदतीला सरकतो. सेंटरच्या पायाखाली खडूने खूण करा आणि गार्डला त्याच्या खांद्याला खांदा घासून जायला लावा. मधून माणूस जाईल एवढी फट राहिली तर तो सराव परत करायचा.