मदत हवी आहे: टायटॅनियम टाकूनही डाइंगच्या पाण्याचा रंग जाईना

रंगारी_इचल: इचलकरंजीत छोटं डाइंग युनिट आहे. व्हिडिओ बघून टायटॅनियम डायऑक्साइड (प्रकाशात रंग तोडणारी पांढरी पावडर) आणलं, पिंपात टाकलं, यूव्ही लाईट लावून रात्रभर ढवळत ठेवलं. रंग थोडा फिका झाला आणि तिथंच अडकला, वर पाणी दुधासारखं झालंय, पावडर खाली बसतच नाही. अजून पावडर टाकू का? सोमवारी सॅम्पल द्यायचंय, लवकर सांगा.

काका_केमिकल: डाय कुठला, पीएच किती, लाईट किती नॅनोमीटरची, पावडर कुठली? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रंगारी_इचल: रिअ‍ॅक्टिव्ह, लाल आणि नेव्ही. पीएच ११, सोडा अ‍ॅश असतोच की. लाईट ३९५ची एलईडी पट्टी. पावडर पेंटच्या दुकानातली.

काका_केमिकल: तिथंच घोळ आहे. पेंटची पावडर बहुतेक रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिक रूप) असते, वर अ‍ॅल्युमिना-सिलिकाचा लेप, म्हणजे उन्हात पेंट खराब होऊ नये म्हणून ती मुद्दाम निष्क्रिय केलेली असते. तुम्हाला अ‍ॅनाटेज (दुसरं, प्रकाशात जास्त काम करणारं रूप) पाहिजे, त्याला साधारण ३८८च्या खालचा प्रकाश लागतो, ३६५ची लाईट घ्या. पावडर वाढवू नका, प्रकाश आत जाणारच नाही.

सोलापुरी_टॉवेल: या भानगडीत पडूच नका दादा. फेरस सल्फेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, पीएच ३. याला फेंटन पद्धत म्हणतात. आमचा रंग बघता बघता जातो.

संशोधक_पुणे: आणि ११ वरून ३ वर आणायला अ‍ॅसिड किती? नंतर लोखंडाचा गाळ, तो घातक कचऱ्यात जातो, तो खर्च कोण धरणार?

सोलापुरी_टॉवेल: गाळ ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) असतोच, नवीन काय त्यात!





संशोधक_पुणे: रंगारी, रंग फिका झाला म्हणजे डाय तुटला असं नाही, नुसता पावडरीला चिकटला असेल. तेच पाणी, तीच पावडर, लाईट बंद करून ठेवा, तेवढाच फिका झाला तर लाईटनं काहीच केलेलं नाही. शिवाय सोडा अ‍ॅशमधलं कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल (डाय तोडणारे कण) खाऊन टाकतं, आधी पीएच सातच्या आसपास आणा. आधीचा-नंतरचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) किती?

रंगारी_इचल: सीओडी नाही काढला. लाईटऐवजी ऊन चालेल का? गच्चीवर भरपूर पडतं.

संशोधक_पुणे: चालेल, पण उन्हात यूव्ही जेमतेम ४-५ टक्के, म्हणून पिंप नको, उथळ ट्रेत पातळ थर. तोही बायो ट्रीटमेंटनंतर (जिवाणूंनी पाणी साफ केल्यावर), पाणी निवळल्यावर. गडद पाण्यात डायच प्रकाश पिऊन टाकतो.

काका_केमिकल: सोमवारपर्यंत यातलं काही होत नाही. चुना-फेरस सल्फेटनं रंग गाळात खाली बसवा. मीठ मात्र तसंच राहणार, टीडीएस (विरघळलेले क्षार) यानं कमी होत नाही.

रंगारी_इचल: चुना आहे. फेरस सल्फेट हजार लिटरला किती?

सोलापुरी_टॉवेल: बीकरमध्ये जार टेस्ट (थोड्या पाण्यात वेगवेगळे डोस टाकून बघणं) करा आधी, असं आकड्यात कोणी सांगितलं तर ऐकू नका.