मदत हवी आहे: केंद्रातले कॉम्प्युटर रोज नवा नखरा करतायत

टेकाडावरचा:
दुर्गम वस्तीत संगणक प्रशिक्षण आणि दुरुस्ती केंद्र सुरू करतोय. एका ऑफिसातून १२ जुने डेस्कटॉप मिळाले. तिथे एकेक सुरू करून बघितला, मगच टेम्पोत चढवला. इथे आल्यापासून नुसता वैताग आहे. चारांवर निळा पडदा, म्हणजे विंडोज सुरूच होत नाही, निळ्या पडद्यावर एररचा मजकूर येतो. बाकीच्यांवर एक वेबसाइट उघडेल तर शपथ, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणे. त्याच राउटरवर माझा मोबाइल मस्त चालतो. व्हायरस असेल का? सोमवारी पहिली बॅच आहे आणि जवळचा दुरुस्तीवाला गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो. लवकर सांगा.

चष्मिष्ट:
मशीनचं मॉडेल काय? रॅम किती?

लिनक्सवेडा:
सगळं पुसा आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर झकास. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. जुन्या खोक्यांत ती कुठून आणणार?

मास्तरीणबाई:
आलात का तुम्ही! पोरं शिकून जिथे कामाला लागतील तिथे विंडोजच असणार ना? मी स्वतः शिकवते, मेनू जरा इकडचा तिकडे झाला तरी नवशिके हात आखडतात.

लिनक्सवेडा:
म्हणूनच दोन्ही दाखवावं. मेनू पाठ करणं म्हणजे शिक्षण नव्हे, बाई.

जुनी_सोल्डर:
तुमचं भांडण चालू द्या. टेकाडावरचा, पडद्याच्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?

टेकाडावरचा:
चुकीचीच हो, १ जानेवारी २०१० वगैरे. पहिल्या दिवशी नीट केली, सकाळी पुन्हा तीच. मग नाद सोडला, नेट तर त्यानंतर आलं. जुनी मशीन आहेत, तेवढं चालायचंच. प्रश्न नेटचा आहे.

जुनी_सोल्डर:
नेटचा नाही, तारखेचाच आहे. रात्री मेन स्विच बंद करता ना?

टेकाडावरचा:
अर्थात. विजा पडतात इथे.

जुनी_सोल्डर:
मग मदरबोर्डवरचे, घड्याळ आणि सेटिंग जपणारे छोटे सेल मेलेत. ऑफिसात प्लग कायम चालू असायचा, त्या विजेवर घड्याळ टिकायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही मेन पाडला की मशीन सगळं विसरतं. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून वैध' अशी अट असते. मशीनच्या मते अजून २०१० चालू आहे, मग आजचं प्रमाणपत्र त्याला कसं पटावं?
निळ्या पडद्याचं मूळही बहुधा हेच. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्राम; त्यातली साटाची, म्हणजे डिस्क जोडणीची, सेटिंग मूळपदावर गेली असेल. विंडोज एएचसीआय नावाच्या डिस्क मोडमध्ये टाकलेलं असेल आणि मोड बदलला तर त्याला डिस्कच सापडत नाही. बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करून बघा. तोवर काहीही पुसू नका.
सेल सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर अडीचच्या खाली दिसला तर बाद. प्लग काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा आणि खाचेतली क्लिप नखाने सरकवा. स्क्रूड्रायव्हर घातलात तर बोर्डावर ओरखडा ठरलेला. नवा बसवताना लिहिलेली बाजू वर.

हौशीराम:
एवढ्या उचापतीपेक्षा लॅपटॉप घ्या ना. वीज गेली तरी चालतात.

मास्तरीणबाई:
देणगीत आलेत हो, घ्यायचा प्रश्नच कुठे आहे?

टेकाडावरचा:
चार सेल मोजले. २.१, १.८, २.०, एक तर चक्क ०.४! मोजताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, पण पत्रा आहे म्हणून तसं होत असेल.

वायरमन:
अहो, पत्र्याला कशाला दोष देता! अर्थिंग नाहीये तुमच्याकडे. एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ तुटला की पत्र्यावर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट नगण्य, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत कुठे फेज पत्र्याला टेकली तर पोरगं चिकटेल. सॉकेटवर मोजलं तर फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ व्होल्टेज जवळपास सारखं आलं पाहिजे. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग नीट होईपर्यंत बॅच बसवू नका, हात जोडून सांगतो.

अर्धवटराव:
किल्ली मात्र दोघांकडे ठेवा. आमचं केंद्र एकाच्या खिशात किल्ली राहिल्याने बंद पडलं.

टेकाडावरचा:
एक्स्टेंशनमध्येच अर्थची तार जोडलेली नव्हती, खोलीला अर्थचा खड्डाही नाही. इलेक्ट्रिशियन बुधवारी येतोय, बॅच त्याच्या नंतर. सेल मागवलेत, ते बदलायला पोरांनाच बसवीन, तोच पहिला धडा. दोन मशीनवर तारीख हाताने घातली, वेबसाइट धडाधड उघडल्या. चार निळ्यांपैकी तीन उठले. चौथ्याच्या बायोसला पासवर्ड आहे आणि तो ऑफिसात कुणालाच आठवत नाही. आता काय करू?

चष्मिष्ट:
मॉडेल काय आहे, हे मी पहिल्या दिवसापासून विचारतोय.