मदत हवी आहे: स्वराज द्वीपवरच्या मांजरीसाठी

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे, इंदिरानगरला राहतो. मागच्या आठवड्यात अंदमानहून परतलो, पण जीव तिथेच अडकलाय.

स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, उतरलो होतो तिथे एक तिरंगी मांजर होती. पायाशी लोळायची, रात्री आमच्या दारात झोपायची. स्वयंपाकघरामागे मात्र चार-पाच वेगळीच होती. माशांची डोकी टाकली की झुडपातून यायची, माणूस दिसला की पसार. त्यातल्या एकीचं पोट चांगलंच मोठं होतं. लेकीने तिला उचलायला हात घातला आणि ओरखडा बसला. लगेच साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतला. अंदमान रेबीजमुक्त मानलं जातं, तरी नाशिकला आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लस सुरू केली आहे. चूक माझीच, रानटी मांजराला हात लावू द्यायला नको होता.

आता मदत हवी आहे ती अशी. बेटावर मांजरी वाढल्या की पक्षी आणि सरडे मरतात, म्हणून नुसतं खाऊ घालणं मला पटत नाही. त्या भागात पकडून, नसबंदी करून परत सोडणारं कुणी माहीत आहे का? खर्च मी पाठवेन.

आणि ती तिरंगी मांजर, लेक रोज विचारते, तिला घरी आणूया का? बोट, विमान, मग आपला नाशिकचा हिवाळा. माणसाळलेल्या मांजरीला एवढं सोसेल का? कुणी असं आणलं असेल तर खरंखरं सांगा.