चौसष्ट बाइटसाठी कर्नल ड्रायव्हर उसवायचा का?

सातपूर_शिफ्ट: आमच्या गेटवेच्या (नेटवर्क जोडणारी पेटी) लिनक्स ड्रायव्हरमध्ये नव्या पोराने मेमरीची गळती शोधली. प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला जोडून घेणाऱ्या फंक्शनमध्ये, क्लॉक (चिपला ठोके देणारा सिग्नल) मिळालं नाही की आधी घेतलेली 64 बाइट मेमरी फ्री न करता, म्हणजे परत न देताच, फंक्शन परततं. त्याने पॅच (कोडची दुरुस्ती) आणला, मी अडवला. बूट होताना एकदा, तेही हार्डवेअर बिघडलं तरच. चालतंय ते चालू द्या.

गोदाकाठ: "एकदा" कसं? क्लॉकचा ड्रायव्हर अजून आलेला नसेल तर ईप्रोब-डिफर, म्हणजे "नंतर या" असा एरर, मिळतो आणि कर्नल तोच प्रोब पुन्हा चालवतो. हार्डवेअर ठणठणीत असतानाही.

सातपूर_शिफ्ट: चार फेऱ्या धरा. 256 बाइट. घ्या, चहा पण येणार नाही.

गोदाकाठ: बरं, प्रोब सोडा. हीच सवय आयओसीटीएलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम ड्रायव्हरला हुकूम देतो त्या कॉलमध्ये, गेली तर? बफरला मेमरी घेतली, कॉपी-फ्रॉम-यूजर (प्रोग्रॅमचा डेटा कर्नलमध्ये आणणं) फसलं, एरर देऊन मोकळे. आता कोणताही प्रोग्रॅम चुकीचा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) लूपमध्ये देत बसला की गळती साचून नाशिकच्या पुरासारखं दुतोंड्या मारुतीच्या टोपीपर्यंत पाणी! प्रोसेस मेली तरी ती मेमरी परत येत नाही, कर्नलची आहे ती.

महात्मानगर_कट्टा: भांडता कशाला? मेमरी घ्यायला देव्हएम-के-झेड-अलॉक वापरा, ती मेमरी डिव्हाइसला बांधलेली असते. 2007 पासून आहे. प्रोब फसला की आपोआप फ्री.

गोदाकाठ: प्रोबपुरतं ठीक. पण ड्रायव्हर अनबाइंड झाला (डिव्हाइसपासून सुटला) की ती मेमरी जाते, आणि कुणाकडे डिव्हाइस फाइल उघडी असली, तर मेलेल्या मेमरीला हात लागतो. त्यापेक्षा गोटोची लेबलं (एरर आली की उडी मारायच्या सफाईच्या जागा) उलट्या क्रमाने नीट लावा, जे शेवटी घेतलं ते आधी सोडा.

सातपूर_शिफ्ट: खरी गोष्ट सांगतो. पोराच्या पॅचमध्ये डिव्हाइस-रजिस्टर (कर्नलमध्ये डिव्हाइसची नोंद) फसल्यावर पुट-डिव्हाइस (डिव्हाइसवरचा ताबा सोडणं) होतं आणि खाली लगेच के-फ्रीही (मेमरी परत देणं). पुट-डिव्हाइसमुळे चालणारं रिलीज फंक्शन ती मेमरी आधीच फ्री करतं, म्हणजे डबल फ्री, एकच मेमरी दोनदा परत. गळतीने गेटवेची पेटी कुरकुरली असती, याने थेट आडवी झाली असती.

गोदाकाठ: मग हे आधी का नाही बोललात? तो के-फ्री काढला की पॅच बरोबर आहे. तुम्ही मात्र 64 बाइट 64 बाइट करत बसलात!

सातपूर_शिफ्ट: दोन्ही कारणं होती. असो. फेलस्लॅब (कर्नलची चाचणी सोय) लावून मेमरीची प्रत्येक मागणी मुद्दाम फसवून बघ म्हटलंय त्या पोराला, केमेमलीक (गळती शोधणारी सोय) चालू ठेवून. पास झाला तर घेईन पॅच. प्रोबच्या 64 बाइटबद्दल माझं मत तेच आहे.