कोचीहून पुण्याचं विमान आहे आणि दोन्ही पोरं आजारी पडलीत

धाकटीची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, केरळ फिरून झालं, आता कोचीत आहोत आणि परवा दुपारचं पुण्याचं विमान आहे. मुन्नारच्या थंडीत मोठ्याला (4 वर्षं) सर्दी धरली, नाक गच्च, रात्री ताप येऊन जातोय, आणि धाकटी सव्वा वर्षाची, तिला कालपासनं जुलाब लागलेत, उलटी पण झाली. काही सुचंना झालंय बघा. सासूबाई म्हणायल्यात तिथंच थांबा, पण रजा संपली. मिस्टर म्हणतात मुंबईमार्गे तिकीट बदलून घेऊ म्हणजे सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरच उतरता येईल, पुण्यापासनं गाडीत हाल नकोत. कोणी असं आणलंय का लेकरांना? कानाचं फार ऐकलंय.

होटगीरोडकर
मुंबईमार्गे नको ताई. 2025 च्या ऑक्टोबरात मुंबई-सोलापूर विमान चालू झालं ते चांगलंच आहे, पण नाक बंद असलेल्या पोराला दोन विमानं म्हणजे कानाचा त्रास दोनदा. चढताना एवढं नाही, उतरताना खरं दुखतं. आमचा पोरगा पुण्यावर आल्यावर उजवा कान मुठीत धरून असा ओरडायला लागला की पुढच्या रांगेतल्या आज्जी उठून आल्या, मग स्ट्रॉनं पाणी घोट घोट पाजलं तसा निवळला. गिळलं की कान मोकळा होतो. विमान उतरायला साधारण अर्धा तास आधी लागतं, तेव्हा झोपलेलं असलं तरी उठवा, झोपेत पोरं गिळत नाहीत. धाकटीला त्या वेळेला अंगावर पाजा.

वॉर्डातली_सिस्टर
ताई, मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. मला काळजी मोठ्याच्या कानापेक्षा धाकटीच्या पाण्याची वाटते. ओआरएसचं 1 लिटरवालं पाकीट 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अख्खं एकदम, अर्धं पाकीट अंदाजानं नको. टेट्रापॅकमधलं गोड पाणी घेऊ नका, ते ओआरएस नव्हे. दर जुलाबानंतर 50 ते 100 मिली, आणि उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं. अंगावरचं दूध चालूच ठेवा, पेज, मऊ भात द्या, उपाशी ठेवू नका. सहा-आठ तासांत लघवी नाही, डोळे खोल, मूल मरगळलेलं, शौचात रक्त, यातलं काहीही असलं तर विमानाचा विचारच सोडा आणि तिथल्याच दवाखान्यात न्या. मोठ्याचा श्वास जोरात चालत असेल किंवा तापासोबत अंगावर पुरळ असेल तरी तेच, पुरळ असलं तर बाकीच्या प्रवाशांच्या लेकरांचापण प्रश्न आहे.

तापाचं पॅरासिटामॉल वजनावर असतं, एका वेळेला किलोला 10 ते 15 मिग्रॅ. बाटलीवर 5 मिलीला 120 मिग्रॅ आहे की 250 ते आधी बघा, दोन्ही मिळतात आणि घाईत फार गडबड होते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब बास. सर्दी-खोकल्याचं सिरप मनानं देऊ नका, क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण तर 4 वर्षांखालच्यांना द्यायचंच नाही असा 2023 चा सरकारी आदेश आहे. पोरं झोपावीत म्हणून औषध देतात काहीजण, कृपा करून ते करू नका. उद्याच डॉक्टरांना दाखवा, कान आतनं बघायला सांगा, आणि प्रवासाला हरकत नाही अशी चिठ्ठी लिहून घ्या, गेटवर विचारलंच तर हाताशी असावी.

जुळेसोलापूरची_मावशी
विमान दोन तासांचं गं, खरी कसोटी पुढच्या अडीचशे किलोमीटरची. जुलाबाच्या बाळाला कारमध्ये धुवायचं कुठं? पुण्यातनं संध्याकाळची रेल्वे, हुतात्मा किंवा वंदे भारत बघ, संडास आहे, पाणी आहे, पोराला आडवं करता येतं. नाहीतर एक रात्र पुण्यात राहा सरळ. बॅगेत वर ठेव: डायपर, जुने पंचे, जास्तीच्या पिशव्या, दोघांचे कपडे आणि *तुझापण* एक कुर्ता, उलटी आईच्याच अंगावर होते. बाळाचं दूध, औषध सुरक्षा तपासणीत नेऊ देतात, फक्त वेगळं काढून दाखवायचं.

धाकटीची_आई
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आज दाखवलं. मोठ्याच्या कानात इन्फेक्शन नाही, धाकटीच्या उलट्या थांबल्यात, लघवी होतेय, डॉक्टर म्हणाले उद्या सकाळपर्यंत असंच राहिलं तर जा. ओआरएस चमच्यानं चालू आहे, झिंकपण दिलंय. मुंबईचं रद्द. मावशी, हुतात्माला वेटिंग दाखवतंय, वंदे भारतला जागा आहे, विमानाला उशीर झाला तर लोहगाव विमानतळाहून स्टेशन गाठता येईल का?

जुळेसोलापूरची_मावशी
संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर धर. त्यापेक्षा उशीर दिसला तर धावपळ करू नको, भाचीचं घर विमाननगरलाच आहे, मेसेज कर मला, मऊ भात तयार ठेवायला सांगते.